वेगाचा इशारा आणि त्याचा भरंवसा
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घराच्या परिचयाचा आहे. मोटारींत पुढल्या बाजूस बसविलेल्या पडद्यावर किंवा मोबाइलवर नकाशा उघडलेला असतो. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, असें एक आवाज सांगत असतो. आणि मध्येंच तोच आवाज ‘पुढें स्पीड कॅमेरा आहे’ असें बजावतो. त्यासरशी चालविणाऱ्याचा पाय ब्रेकवर जातो. पुढें कॅमेरा खरोखरच आहे काय, असल्यास तो आपल्या बाजूच्या रस्त्यावर रोखलेला आहे काय, आणि आवाज झाला नाहीं म्हणजे कॅमेरा नाहींच असें धरून चालावें काय, हे प्रश्न फारच थोडीं माणसें स्वतःस विचारतात.

मी यंत्रविद्येचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें माझें शिक्षण, आणि उभा जन्म शाळेंत गणित व भूगोल शिकविण्यांत गेलेला. परंतु या विषयाचा विचार करूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, हा प्रश्न मुळांत गणिताचा व भूगोलाचाच आहे. आणि त्याहूनहि अधिक तो साक्षीपुराव्याचा आहे. कोणी एखादी बातमी सांगितली म्हणजे आपण विचारतों, ‘तुला हें कोणी सांगितलें? तूं स्वतः पाहिलेंस काय? केव्हां पाहिलेंस?’ हेच तीन प्रश्न या बोलत्या यंत्रासहि विचारले पाहिजेत.

आमच्या वऱ्हाडांत या प्रश्नास अलीकडे विशेष महत्त्व आलें आहे. अमरावती ते अकोला हा रस्ता सुमारें शंभर किलोमीटरांचा. बडनेरा, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगांव मंजू या गांवांवरून तो जातो. या रस्त्याचें काम कित्येक वर्षें रखडलेलें होतें. पुढें जून २०२२ मध्यें, ३ तारखेपासून ७ तारखेपर्यंत, १०५ तास ३३ मिनिटांत या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अखंड अंथरण्यांत आला, आणि त्याची नोंद गिनीज बुकांत झाली. त्याच वर्षीं ११ डिसेंबरला समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला; तो आमच्या अमरावती जिल्ह्यांतूनच जातो. ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा तो मार्ग पुरा झाला. ज्यांनीं खड्डे चुकवीत चाळिसाच्या वेगानें प्रवास केला होता, त्यांच्या चाकांखालीं एकाएकीं शंभराचा रस्ता आला. रस्ता गुळगुळीत झाला कीं वेग वाढतो. वेग वाढला कीं चलान येतें. आणि चलान येऊं लागलें कीं तें चुकविण्याची विद्या माणूस शिकूं लागतो.

आतां यंत्र बोलतें कसें तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, मोटारींतील यंत्रास पुढच्या कॅमेऱ्याचा दुरूनच सुगावा लागतो. ही समजूत खरी नव्हे. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरणारे जी. पी. एस. उपग्रह वेळेचे संदेश सतत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोंचावयास किती वेळ लागला, यावरून यंत्र आपलें स्वतःचें ठिकाण काढतें. मोकळ्या माळावर हा हिशेब कांहीं मीटरांच्या फरकानें बरोबर येतो. नंतर यंत्र आपल्यापाशीं असलेली यादी पाहतें. अमुक अक्षांशावर व अमुक रेखांशावर कॅमेरा आहे अशी नोंद यादींत असली, आणि मोटार त्या बिंदूकडे चालली असली, कीं तें बोलतें. नोंद नसली तर गप्प बसतें. म्हणजे यंत्र स्वतः ताडून सांगतें तें मोटारीचें ठिकाण; कॅमेऱ्याचें ठिकाण त्याला दुसऱ्या कोणी पूर्वीं सांगून ठेवलेलें असतें. ही झाली ऐकीव साक्ष.

हें सांगून ठेवणारे दोन प्रकारचे असतात. एक, नकाशे करणाऱ्या कंपनीचीं माणसें. आपल्याकडे मॅपमायइंडिया ही कंपनी १९९५ पासून हें काम करीत आहे, आणि तिच्या मॅपल्स या नकाशावरहि असे इशारे मिळतात. दुसरे, आपल्यासारखेच वाटसरू. इस्रायलमध्यें निघालेलें वेझ नांवाचें ॲप वाटसरूंच्या साक्षीवरच उभें राहिलें. २०१३ मध्यें गूगलनें तें विकत घेतलें, आणि २०१९ मध्यें गूगल मॅप्सच्या नकाशावर भारतासह अनेक देशांत कॅमेऱ्यांच्या खुणा दिसूं लागल्या. एखाद्यास कॅमेरा दिसला कीं तो पडद्यावर बोट ठेवून कळवितो. मागून येणाऱ्यास यंत्र विचारतें, ‘तो अजून आहे काय?’ तो होय किंवा नाहीं असें उत्तर देतो. आणि अशा उत्तरांवर ती नोंद टिकते किंवा पुसली जाते.

ही रीत चांगली आहे. पण तिचें सारें बळ साक्षीदारांच्या संख्येंत आहे. मुंबई-पुण्याच्या मार्गावर रात्रंदिवस मोटारींची रीघ असते. तेथें चुकीची नोंद फार वेळ टिकत नाहीं. अकोट-दर्यापूरकडील एखाद्या आडरस्त्यावर ती दुरुस्त करणारा दुसरा मोबाइलधारी केव्हां येईल, हें सांगतां येत नाहीं. मेळघाटाच्या डोंगरांत तर मोबाइलचा संदेश पुष्कळ ठिकाणीं मिळतच नाहीं. तेव्हां ताजी बातमी तेथें पोंचावी कशी? शिवाय हा साक्षीदार साक्ष देतो ती मोटार हांकतां हांकतां. शंभराच्या वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिलें, तर ५६ मीटर रस्ता न पाहतां ओलांडला. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणें मोबाइलचा उपयोग मार्ग पाहण्यापुरताच करतां येतो, आणि तोहि चालविणाऱ्याचें अवधान ढळणार नाहीं अशाच रीतीनें. दुसऱ्यास सावध करण्याकरितां आपण बेसावध व्हावें, असा हा उलटा व्यवहार आहे.

यंत्राच्या चुका तीन प्रकारच्या असतात. पहिली चूक, कॅमेरा नसतां ओरडणें. खांबावरचा कॅमेरा काढून नेलेला असतो, पण यादींतून तो निघालेला नसतो. किंवा हायवे पोलिसांची ती गाडी, जिच्यांत वेग मोजणारी लेसरची बंदूक असते व जिला इंटरसेप्टर म्हणतात, सकाळीं एका निंबाखालीं उभी असते आणि दुपारीं दुसऱ्याच फाट्यावर. सकाळची नोंद दुपारीं शिळी होते. ‘लांडगा आला रे आला’ असें उगाच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतों. यंत्र चार वेळां खोटें ओरडलें, कीं पांचव्या वेळीं तें खरें बोललें तरी पाय वेगावरून उठत नाहीं.

दुसरी चूक, शेजारच्या रस्त्याचा इशारा आपल्यास देणें. आतां महामार्गाच्या दोन्ही अंगांस सेवारस्ते असतात, गांवांवरून उड्डाणपूल जातात. पुलावरची मोटार आणि पुलाखालची मोटार यांचे अक्षांश-रेखांश एकच. दुभाजकापलीकडच्या रस्त्यावर रोखलेला कॅमेरा आणि आपण यांत अंतर पंधरा-वीस मीटरांचें. यंत्राची चूक कांहीं मीटरांचीच असली, तरी सेवारस्ता व महामार्ग यांची गल्लत होण्यास तेवढी पुरते. मग ज्या रस्त्यावर आपण नाहीं त्याची वेगमर्यादाहि तें आपल्यास सांगूं लागतें.

तिसरी चूक, कॅमेरा असतां गप्प राहणें. ही सर्वांत वाईट. कारण पहिल्या दोन चुका निदान कानीं पडतात, ही पडत नाहीं. आपल्या रस्त्यावर पांच दिवसांत ७५ किलोमीटर डांबर पडलें, पण कारखान्यांतून बसवून आलेला मोटारींतील नकाशा मालकानें नवा करून घेईपर्यंत जुनाच राहतो. नवा पूल, नवा वळणरस्ता, नवा कॅमेरा, यांतलें त्याला कांहींच ठाऊक नसतें. आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण ‘पुढें सर्व ठीक आहे’ असा घेतों. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच कीं, आपल्याला कोणी कांहीं सांगितलेलें नाहीं.

नकाशाच्या शिळेपणाची किंमत केवढी असूं शकते याचें एक उदाहरण देतों. आमचें अकोला नव्हे, तर पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुका. तेथें कोतूळजवळचा जुना पूल पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्याखालीं जातो. गांवच्या लहान पोरालाहि ही गोष्ट ठाऊक. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याकडून आलेली एक मोटार रात्रीं नकाशाच्या सांगण्यावरून त्या वाटेनें गेली आणि पाण्यांत शिरली. दोघे पोहून बाहेर आले. मोटार चालविणारा बुडाला. नकाशांत रस्ता होता. जमिनीवर पाणी होतें. कॅमेऱ्याचा इशारा चुकला तर एक-दोन हजारांवर भागतें. परंतु दोन्ही चुकांचें मूळ एकच आहे.

आतां कॅमेऱ्याच्या बाजूनें पाहूं. कांहीं कॅमेरे एका जागचा वेग मोजतात. त्यांच्यासाठींच आपली सारी युक्ति चालते: इशारा झाला कीं ब्रेक, खांब मागें पडला कीं पुन्हां पूर्वीचा वेग. मागून येणारा ट्रक या एकाएकीं दाबलेल्या ब्रेकानें किती गोंधळतो, हें ट्रक चालविणाऱ्यांस विचारावें. दुसऱ्या प्रकारांत दोन ठिकाणच्या वेळा टिपून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढतात. मुंबई-पुणे द्रुतगति मार्गावर जुलै २०२४ पासून जी कॅमेऱ्यांची देखरेख सुरू झाली, तींत अशीहि सोय आहे. हें गणित चौथीच्या मुलाचें आहे. दोन खांबांमधील अंतर ३० किलोमीटर, आणि मोटार तें १५ मिनिटांत ओलांडून गेली, तर सरासरी वेग ताशीं १२०. मर्यादा १०० ची असली, तर दोन्ही खांबांपाशीं तुम्ही गोगलगाईसारखे गेलां तरी हिशेब बदलत नाहीं. ज्या यंत्राचा इशारा फक्त खांबापुरता आहे, तें येथें शब्दशः खरें बोलूनहि निरुपयोगी ठरतें.

कायद्याचें म्हणणेंहि आपण समजून घ्यावें. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३६-अ हें कलम आलें, आणि ऑगस्ट २०२१ मध्यें केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम घालण्यांत आला. या नियमाप्रमाणें अशा यंत्रांस राज्याकडून मान्यतेचें प्रमाणपत्र असावें लागतें. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी लागते. चलानाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपून ठेवावी लागते. आणि विशेष म्हणजे, जेथें कॅमेरा असेल त्याच्या अलीकडे चालणाऱ्यास स्पष्ट दिसेल असा सूचनाफलक लावावा लागतो. या नियमासोबत १३२ शहरांची यादी जोडलेली आहे. तींत अमरावती व अकोला हीं आपलीं दोन्ही शहरें आहेत. म्हणजे आपल्यास सावध करणें हें सरकारनेंच आपलें कर्तव्य मानलें आहे. मोबाइलच्या ऐकीव साक्षीपेक्षां रस्त्यावरचा फलक हा प्रत्यक्ष पुरावा होय; पण आपण कान यंत्राकडे लावतों आणि डोळे फलकावर ठेवीत नाहीं. जेथें फलक नसेल तेथें नागरिकांनीं तो मागावा. आलेलें चलान चुकीचें वाटलें, तर छायाचित्र, जागा व वेळ पाहून रीतसर हरकत घ्यावी. परंतु ‘माझें यंत्र बोललें नाहीं’ ही हरकत कोणत्याहि कचेरींत चालणार नाहीं.

परदेशांत या प्रश्नाचा निकाल निरनिराळ्या रीतींनीं लावलेला आहे. जर्मनींत चालत्या मोटारींत चालविणाऱ्यानें असे इशारे घेण्यासच बंदी आहे. फ्रान्सची तोड मला अधिक विचाराची वाटते. तेथें २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगण्यास यंत्रांना मनाई झाली; त्याऐवजीं ‘पुढें धोक्याचा पट्टा आहे’ एवढेंच तीं सांगूं शकतात. हा पट्टा द्रुतगति मार्गावर चार किलोमीटरांचा, गांवाबाहेरच्या रस्त्यावर दोन किलोमीटरांचा, आणि वस्तींत तीनशें मीटरांचा. पट्ट्यांत कॅमेरा असेल किंवा नसेलहि. धोका मात्र आहे. या एका शब्दाच्या फरकानें इशाऱ्याचा सारा हेतूच बदलतो. दंड कोठें आहे हें सांगणें वेगळें, आणि संकट कोठें आहे हें सांगणें वेगळें.

आमच्या यंत्रांचा खरा उणेपणा हाच आहे. कॅमेरा खांबावर असतो. संकट कोठें असतें? दसरा-दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेल्या, मागें दिवा नसलेल्या कापसाच्या बंडींत असतें. ट्रॅक्टरच्या लांबलचक ट्रॉलींत असतें. दुभाजकांतील फटींतून एकाएकीं रस्त्यावर येणाऱ्या ढोरांत, फाट्यावर एस. टी.तून उतरून पलीकडे पळणाऱ्या शाळेच्या पोरांत, आणि अर्धा किलोमीटर वांचविण्यासाठीं उलट्या बाजूनें येणाऱ्या मोटरसायकलींत असतें. यांपैकीं एकाचेंहि नांव कोणत्याहि यादींत नाहीं, आणि यांच्या आधीं कोणतेंहि यंत्र बोलत नाहीं. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतील शेंकडा ७१ हून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदराखालीं नोंदले गेले आहेत.

मोटार थांबविण्याचा हिशेब मीं मुलांकडून फळ्यावर करून घेत असें. तो आज आपल्यापुढें मांडतों. समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असें धरूं. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ताशीं ८० च्या वेगानें मोटार सुमारें ७० मीटरांवर थांबते. १०० च्या वेगानें सुमारें १०० मीटर लागतात. १२० च्या वेगानें १३० मीटरांच्या आंत ती थांबणें कठीण. आतां वेळेचा हिशेब. अमरावतीहून अकोल्यास ८० च्या वेगानें ७५ मिनिटें, १०० च्या वेगानें ६० मिनिटें, १२० च्या वेगानें ५० मिनिटें. वाटेंतले फाटे व गर्दी यांत सोडून दिली. म्हणजे शंभराऐवजीं एकशें वीस धरून दहा मिनिटें मिळालीं, आणि थांबण्याचें अंतर तीस मीटरांनीं वाढलें. ढोबळ मानानें हीं तीस मीटर म्हणजे एखाद्या शाळेच्या दोन-तीन वर्गांची लांबी. दहा मिनिटें अकोल्याच्या बाजारांत मोटार उभी करावयास जागा शोधण्यांत जातात.

मग काय, हें यंत्र फेकून द्यावें? मुळींच नव्हे. तें अनोळखी गांवीं वाट दाखवितें, रात्रीं वळणाची कल्पना देतें. त्याचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. फक्त त्याच्या बोलण्याचा अर्थ आपण बदलून घ्यावा. ‘पुढें कॅमेरा आहे’ असें तें म्हणालें, कीं ‘आपला वेग किती आहे तो पाहा’ असें ऐकावें. मग कॅमेरा असो वा नसो, इशारा वाया जाणार नाहीं. तें गप्प असलें, कीं त्याला कांहीं ठाऊक नाहीं असें समजावें. नकाशा वेळोवेळीं नवा करून घ्यावा. पडद्यावर बोट लावावयाचें असेल तर तें शेजारीं बसलेल्यानें लावावें. चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर मोटारीस केंद्र सरकारनें २०१८ मध्यें ठरविलेली कमाल मर्यादा १०० ची, द्रुतगति मार्गावर १२० ची, आणि नगरपालिकेच्या हद्दींत ७० ची आहे. पण फलकावर याहून कमी आंकडा असेल तर तोच आंकडा खरा, मग पडदा कांहींहि दाखवो.

आणखी एक इशारा आपल्या मोटारींतच आहे, ज्याच्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. १ जुलै २०१९ पासून निघालेल्या नव्या मोटारींत वेग ८० च्या वर गेला कीं थोड्या थोड्या वेळानें एक घंटी वाजते, आणि १२० च्या वर ती सारखी वाजत राहते. ही घंटी कोणाच्या सांगण्यावरून वाजत नाहीं. आपल्याच चाकांचा वेग मोजून वाजते. तिला ना यादी लागते, ना उपग्रह, ना दुसऱ्या वाटसरूची साक्ष. तिची साक्ष ऐकीव नसून प्रत्यक्ष पाहिलेल्याची आहे. तरीहि पुष्कळ घरीं ‘ती कटकट बंद कशी करावयाची’ हीच चौकशी आधीं होते, आणि कॅमेऱ्याचा इशारा मात्र पैसे देऊन घेतला जातो. कोणत्या साक्षीदारावर भरंवसा ठेवावा आणि कोणाचें तोंड बंद करावें, याचा आपला निवाडा येथें उलटा झाला आहे.

घरांतल्या वडील माणसांस माझें एवढेंच सांगणें आहे. मुलगा किंवा सून नवी मोटार घेऊन अकोल्याला निघाली, कीं ‘कॅमेरे कोठें कोठें आहेत तें पाहून जा’ असें सांगूं नये. ‘बंड्या रस्त्यावर आल्या आहेत, शाळा सुटण्याची वेळ आहे, दहा मिनिटें उशीर झाला तरी चालेल’ असें सांगावें. हा इशारा कोणत्याहि नकाशांत मिळत नाहीं, आणि तो शिळाहि होत नाहीं.